साथीचा नकाशा देशाच्या सीमेवर थांबू देऊ नका : अनेक देशांत पसरलेली साथ नकाशावर कशी मांडायची

गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया हे पश्चिम आफ्रिकेतले तीन देश जिथे एकमेकांना भिडतात, तो जंगलपट्टा नकाशावर तीन रंगांत दिसतो. तिथल्या किसी लोकांसाठी तो एकच मुलूख आहे. त्यांची नातीगोती, बाजारहाट आणि मयत-मातीची ये-जा तिन्ही देशांत पसरलेली आहे. डिसेंबर २०१३ मध्ये गिनीतल्या गेकेदू प्रीफेक्चरमधल्या (प्रीफेक्चर म्हणजे तिथला जिल्हा) मेलियांदू या खेड्यात एक लहान मूल दगावलं. पुढे इबोलाच्या साथीचा माग काढणारे तिथवर पोचले. जागतिक आरोग्य संघटनेने साथ जाहीर केली ती २३ मार्च २०१४ ला. तेव्हा गिनीत ४९ रुग्ण आणि २९ मृत्यू अशी नोंद होती. आठवडाभरातच लायबेरियाच्या लोफा काउंटीत रुग्ण निश्चित झाले आणि मे महिना संपता संपता सिएरा लिओनच्या कैलाहून जिल्ह्यात. गेकेदू, लोफा, कैलाहून ही तिन्ही ठिकाणं एकमेकांना लागून आहेत. देशवार तक्त्यात मात्र त्या तीन वेगळ्या ओळी होत्या.

ही साथ संपेपर्यंत २८,६०० हून जास्त रुग्ण आणि ११,३०० हून जास्त मृत्यू नोंदले गेले. सीमेपलीकडचं एकत्र बघण्यासाठीच साथीचा नकाशा काढायचा असतो, म्हणून या लेखातली सगळी उदाहरणं याच साथीतून घेतली आहेत. तिचे आकडे खुले आहेत, आणि नकाशा काढताना लागणाऱ्या बहुतेक सगळ्या ठेचा या एका साथीत सापडतात. साधनं दोनच लागतील : एक्सेल किंवा लिब्रेऑफिससारखी तक्त्याची प्रणाली, आणि क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर.

आधी प्रश्न लिहून काढा

नकाशा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे ते सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एका वाक्यात लिहा. साथीच्या नकाशाला विचारण्यासारखे प्रश्न मोजकेच असतात. आजवर कुठे किती रुग्ण झाले? आत्ता साथ कुठे चालू आहे? लोकसंख्येच्या मानाने सर्वांत जास्त झळ कुणाला बसली? रोग कुठून कुठे गेला? प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा नकाशा लागतो. चारही प्रश्न एकाच चित्रात कोंबलेले नकाशे मी पुष्कळ पाहिले आहेत. वाचक त्यातून फक्त लाल रंग लक्षात ठेवतो.

टप्पा १ : आकडा कशाचा आहे ते ओळखा

इबोलाचे आकडे तीन ठिकाणी मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिस्थिती-अहवालांत ते पीडीएफमध्ये आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने जुलै २०१४ मध्ये सुरू केलेल्या ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंजवर ते तयार तक्त्यांत आहेत. आणि साथ चालू असताना कॅटलिन रिव्हर्स या साथरोगतज्ज्ञ संशोधिकेने आरोग्य मंत्रालयांच्या अहवालांतले आकडे टाइप करून गिटहब या फाइली वाटून घेण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले केले, तेही उपलब्ध आहेत. आज चालू असलेल्या साथीसाठी त्या त्या देशाचं आरोग्य मंत्रालय, जागतिक आरोग्य संघटनेचं ‘डिसीज आउटब्रेक न्यूज’ आणि आफ्रिकेपुरतं बोलायचं तर आफ्रिका सीडीसी ही आफ्रिकी देशांची रोगनियंत्रण संस्था, हे सुरुवातीचे थांबे.

आकडा मिळाला की लगेच नकाशावर चढवू नका. तो संशयित (लक्षणांवरून शंका आलेल्या) रुग्णांचा आहे, संभाव्य (तपासणी झालेली नसली तरी डॉक्टरांनी किंवा रुग्णाशी आलेल्या संपर्कावरून तसं ठरवलेल्या) रुग्णांचा, की प्रयोगशाळेत निश्चित झालेल्यांचा, हे आधी बघा. यावर अख्खा नकाशा पालटतो. तिन्ही प्रकार मिळून गिनीत ३,८११, लायबेरियात १०,६७५ आणि सिएरा लिओनमध्ये १४,१२४ रुग्ण नोंदले गेले. या हिशेबाने लायबेरियात गिनीच्या जवळजवळ पावणेतीनपट रुग्ण झाले. पण प्रयोगशाळेत निश्चित झालेलेच रुग्ण धरले तर लायबेरियात ते ३,१०० च्या थोडे वर आहेत आणि गिनीत ३,३०० च्या वर. म्हणजे क्रमच उलटा. सिएरा लिओनमध्ये निश्चित रुग्ण सुमारे ८,७०० होते. लायबेरियात साथ कमी होती असा याचा अर्थ मुळीच नाही. २०१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे रुग्ण इतक्या झपाट्याने वाढले, की नमुने घेण्याची आणि तपासण्याची यंत्रणाच मागे पडली. निश्चित रुग्णांचा नकाशा अशा वेळी रोगाइतकाच प्रयोगशाळांचाही नकाशा असतो.

मृत्युदराचंही तेच. वरच्या एकूण आकड्यांवरून काढलं तर गिनीत १०० रुग्णांमागे सुमारे ६७ मृत्यू येतात आणि सिएरा लिओनमध्ये सुमारे २८. यावरून रंगवलेला नकाशा बघून कुणालाही वाटेल, सिएरा लिओनमध्ये उपचार फारच चांगले होते. प्रत्यक्षात दोन्ही देशांत रुग्ण आणि मृत्यू नोंदवण्याची पद्धत वेगळी होती. सिएरा लिओनच्या एकूण आकड्यात संशयित पुष्कळ होते, आणि कित्येकांचं पुढे काय झालं याची नोंदच नव्हती. देशादेशांतल्या मृत्युदराची तुलना करणारा नकाशा साथ चालू असताना काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तारीख. एका रुग्णाला निदान तीन तारखा असतात : लक्षणं सुरू झाली ती, तपासणीचा निकाल आला ती, आणि अहवालात नाव चढलं ती. प्रसार दाखवायचा तर पहिली तारीख हवी. बहुतेक खुल्या तक्त्यांत तिसरीच असते. २५ ऑक्टोबर २०१४ च्या अहवालात जगभरचे एकूण रुग्ण १०,१४१ होते आणि २९ ऑक्टोबरच्या अहवालात १३,७०३. चार दिवसांत साडेतीन हजार माणसं आजारी पडली नव्हती. रुग्णांच्या नोंदींची नव्याने छाननी होऊन जुने, राहून गेलेले रुग्ण एकदम जमेस धरले गेले होते. पुढे ३१ ऑक्टोबरच्या अहवालात हा आकडा १३,५६७ वर उतरला, कारण संशयितांपैकी काहींना इबोला नसल्याचं ठरलं. एकूण बेरजेतून कालची बेरीज वजा करून ‘आजचे नवे रुग्ण’ काढायला जाल तर अशा ठिकाणी एकदा प्रचंड उसळी आणि एकदा उणे आकडा मिळेल. उणे आकडा दिसला तर त्याचं शून्य करून पुढे जाऊ नका. त्या दिवसाचा अहवाल उघडा, कारण वाचा आणि तक्त्यात शेरा लिहा.

टप्पा २ : तक्ता मांडा

एका ओळीत एक ठिकाण आणि एक तारीख, असा उभा तक्ता ठेवा. तारखा आडव्या स्तंभांत पसरवल्या की पुढे हाल होतात. स्तंभ निदान इतके हवेत :

- देशाचा तीन अक्षरी आयएसओ संकेत
- जिल्हा किंवा त्या पातळीच्या विभागाचा संकेत, ज्याला पी-कोड म्हणतात
- ठिकाणाचं नाव, अहवालात होतं तसंच
- तारीख, आणि ती कोणत्या प्रकारची ते
- संशयित, संभाव्य, निश्चित रुग्ण आणि मृत्यू, प्रत्येकाचा वेगळा स्तंभ
- लागण कुठे झाली आणि नोंद कुठे झाली, असे दोन स्तंभ
- आकडा कोणत्या अहवालातून घेतला
- शेरा

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. एक्सेल दिवस आणि महिन्याची गुपचूप अदलाबदल करतं आणि ५ एप्रिलचा ४ मे होतो. संकेतांचे स्तंभ मजकूर म्हणून साठवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात. आकडे इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंकांना क्यूजीआयएस संख्या न मानता मजकूर समजतं आणि बेरीज होत नाही. देवनागरी अंक नकाशावर दाखवताना आणा. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे करणारी साधी मजकूर-फाइल) प्रकारात आणि देवनागरी अक्षरं टिकवणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये जतन करा.

‘लागण कुठे’ आणि ‘नोंद कुठे’ हे दोन स्तंभ अनेक जण टाळतात. अनेक देशांच्या नकाशात तेच सर्वांत जास्त उपयोगी पडतात. अमेरिकेत निदान झालेले ४ रुग्ण अमेरिकेच्या खात्यावर आहेत. त्यांतले दोघं पश्चिम आफ्रिकेत लागण होऊन आलेले, आणि दोघी डॅलसच्या रुग्णालयातल्या परिचारिका, ज्यांना तिथेच लागण झाली. उपचारांसाठी खास विमानाने अमेरिकेत नेलेले रुग्ण मात्र जिथे आजारी पडले त्या देशाच्या खात्यावर आहेत. भारतापुरतं उदाहरण नोव्हेंबर २०१४ चं आहे. लायबेरियात इबोलातून बरा होऊन आलेल्या एका भारतीय तरुणाला दिल्ली विमानतळावरच्या आरोग्य केंद्रात वेगळं ठेवलं गेलं, कारण रक्त स्वच्छ असलं तरी वीर्याच्या नमुन्यात विषाणूचे अंश सापडले होते. हा रुग्ण लायबेरियाच्या खात्यावरचा. त्याच्यावरून भारत रंगवणारा नकाशा चूक ठरला असता. दोन स्तंभ असले की हा निर्णय तुम्हाला एकदाच, विचारपूर्वक घ्यावा लागतो.

याच टप्प्यावर आणखी एक गाळणी लावायची. ऑगस्ट २०१४ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकातही इबोला आढळला आणि नोव्हेंबरमध्ये संपेपर्यंत ६६ रुग्ण झाले. रोग तोच, वर्षही तेच. पण ती वेगळी साथ होती. विषाणू तिथल्या जंगलातल्या प्राण्यांतून स्वतंत्रपणे माणसात आला होता. पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात काँगो रंगवला, की साथ मधले देश ओलांडून हजारो किलोमीटर पसरली असा भास होतो. तक्त्यात ‘कोणती साथ’ हा स्तंभ ठेवा आणि काँगोच्या ओळी नकाशाबाहेर काढा.

टप्पा ३ : हद्दींचा नकाशा निवडा

देशांच्या सीमांसाठी नॅचरल अर्थ हा मोफत नकाशासंच पुरतो. जिल्ह्यांच्या हद्दींसाठी जिओबाउंड्रीज, जीएडीएम, किंवा ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंजवरच्या सामायिक हद्दी वापरा. मी शेवटच्या पर्यायाला पहिली पसंती देतो, कारण त्यात पी-कोड आधीच असतात.

आता नीट लक्ष द्या. या फाइलींत ‘पातळी १’, ‘पातळी २’ असे थर असतात आणि सगळ्या देशांसाठी एकच पातळी उचलावी असा मोह होतो. पण सिएरा लिओनचे जिल्हे पातळी २ वर आहेत, गिनीची प्रीफेक्चरंही पातळी २ वर, आणि लायबेरियाच्या काउंटी पातळी १ वर. सरसकट पातळी १ घेतली तर गिनी आणि सिएरा लिओन मोजक्या मोठ्या तुकड्यांत दिसतील आणि गेकेदू, कैलाहून गडप होतील. म्हणून प्रत्येक देशातून योग्य पातळी वेगळी काढा आणि ‘मर्ज व्हेक्टर लेयर्स’ने एकत्र जोडा. गिनीची ३३ प्रीफेक्चरं आणि राजधानी कोनाक्री, सिएरा लिओनचे १४ जिल्हे, लायबेरियाच्या १५ काउंटी, असे ६३ तुकडे व्हायला हवेत. सिएरा लिओनचे १६ निघाले तर तुमच्या हाती नवी फाइल आहे : २०१७ मध्ये तिथे कारेने आणि फालाबा हे दोन जिल्हे नव्याने झाले. साथ ज्या काळातली, हद्दीही त्याच काळातल्या घ्यायच्या.

प्रकल्पात भारत दिसणार असेल आणि नकाशा इथे प्रसिद्ध होणार असेल, तर भारताची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी. तसं नसणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. नॅचरल अर्थच्या नेहमीच्या फाइलीत जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा तशी नसते. त्यांची भारताच्या दृष्टिकोनातून केलेली वेगळी फाइल आहे, ती वापरा आणि तरीही सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी ताडून बघा.

प्रक्षेपणाबद्दल, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. तीन देशांच्या नकाशासाठी यूटीएम विभाग २९ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६२९, चालेल. नकाशा पूर्ण खंडाचा असेल तर समक्षेत्र प्रक्षेपण घ्या, उदाहरणार्थ आफ्रिका अल्बर्स इक्वल एरिया कॉनिक. वेबवर सर्रास दिसणारं मर्केटर नको. त्यात लायबेरिया जवळपास खऱ्या आकाराचा राहतो आणि एकच रुग्ण सापडलेलं स्कॉटलंड तिपटीने फुगतं.

टप्पा ४ : तक्ता आणि हद्दी जोडा

सीएसव्ही ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ने आत आणा, ‘नो जिऑमेट्री’ निवडा. मग हद्दींच्या थराच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘जॉइन्स’ उघडून पी-कोडवर जोडणी करा. नावावर कधीही नाही. गेकेदू एका फाइलीत स्वरचिन्हांसह असतं, दुसरीत त्यांच्याशिवाय. गिनीतलंच न्झेरेकोरे कुठे मध्ये चिन्ह घालून लिहिलेलं असतं, कुठे सलग. देशांचंही तसंच आहे. गिनी, गिनी-बिसाऊ आणि इक्वेटोरियल गिनी हे तीन वेगळे देश आहेत. काँगो दोन आहेत. नायजर आणि नायजेरिया शेजारी आहेत. नावाने जोडणी करताना एक चूक झाली की साथ भलत्याच देशात जाऊन बसते.

ही साधी जोडणी प्रत्येक जिल्ह्याला तक्त्यातली एकच ओळ जोडते. तुमच्या उभ्या तक्त्यात एका जिल्ह्याच्या पन्नास आठवड्यांच्या पन्नास ओळी असतील, तर एकोणपन्नास गुपचूप गळतील आणि कुठलाही इशारा येणार नाही. त्यामुळे एका क्षणाचा नकाशा हवा असेल तर पिव्हट टेबलने आधी जिल्हावार बेरीज करा आणि ती जोडा. आठवड्यागणिक हलणारा नकाशा हवा असेल तर प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं ‘जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय फील्ड व्हॅल्यू’ घ्या आणि त्यात ‘वन टू मेनी’ निवडा. दोन्ही प्रकारांत जोडणीनंतर एक बेरीज करून बघायची : नकाशातल्या सगळ्या तुकड्यांच्या रुग्णांची बेरीज मूळ तक्त्याच्या बेरजेइतकी आली पाहिजे. फरक आला, तर कुठला तरी जिल्हा जोडला गेलेला नाही.

टप्पा ५ : आकडा दाखवायचा की दर?

नववीच्या भूगोलात आपण वितरणाचे नकाशे शिकलो : टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य पद्धत. उपविभागांना छटा देणारा क्षेत्रघनी नकाशा साथीसाठी सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत जास्त चुकीचाही वापरला जातो. छटा द्यायची ती दराला. नुसत्या रुग्णसंख्येसाठी वर्तुळं वापरायची.

दर म्हणजे लाख लोकांमागे रुग्ण. सिएरा लिओनची २०१५ च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे ७१ लाख, म्हणून दर लाखी साधारण १९९. गिनीची २०१४ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, दर ३६. लायबेरियाची २००८ च्या जनगणनेतली सुमारे ३४ लाख ८० हजार, दर ३०७. म्हणजे संख्येत सिएरा लिओन पहिला, दरात लायबेरिया. पण लायबेरियाची जनगणना साथीच्या सहा वर्षं आधीची आहे. २०१४ साठी ४४ लाख लोकसंख्या धरली तर हाच दर २४३ वर येतो. क्रम बदलला नाही, अंतर मात्र निम्म्याहून कमी झालं. छेद, म्हणजे भागायला घेतलेली लोकसंख्या, कोणत्या वर्षाचा आहे ते सूचीत लिहिणं म्हणूनच गरजेचं आहे. शक्य असेल तर सगळ्या देशांसाठी एकाच वर्षाचे अंदाज घ्या.

वर्तुळं काढताना रुग्णसंख्येच्या प्रमाणात क्षेत्रफळ वाढलं पाहिजे, व्यास नाही. नायजेरियात २० रुग्ण आणि सिएरा लिओनमध्ये १४,१२४, म्हणजे सुमारे ७०६ पट. सिएरा लिओनचं वर्तुळ ४० मिलिमीटर व्यासाचं घेतलं तर नायजेरियाचं दीड मिलिमीटरचं येतं, आणि ते बरोबर आहे. व्यासच ७०६ पट केला तर क्षेत्रफळात सुमारे ५ लाख पट फरक पडतो. क्यूजीआयएसमध्ये ‘साइज असिस्टंट’ उघडून ‘सरफेस’ ही पद्धत निवडा, वर्गमूळ तो काढतो.

नायजेरियाच्या या २० रुग्णांकडे जरा थांबून बघा. जुलै २०१४ मध्ये लायबेरियातून विमानाने आलेल्या एका प्रवाशामुळे लागोसमध्ये लागण सुरू झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांनी ८९४ संपर्कांचा माग ठेवला, त्यासाठी सुमारे १८,५०० घरभेटी दिल्या, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. तरीही त्या काळातल्या कित्येक नकाशांत पूर्ण नायजेरिया लायबेरियासारखाच गडद होता. जागतिक आरोग्य संघटना आपल्या अहवालांत दोन गट वेगळे ठेवत असे : व्यापक आणि तीव्र प्रसार असलेले देश, आणि एखाददुसरा रुग्ण किंवा मर्यादित प्रसार असलेले देश. हाच भेद तुमच्या नकाशात हवा. पहिल्या गटाला जिल्हावार छटा द्या. नायजेरिया, सेनेगल, माली, स्पेन, अमेरिका, ब्रिटन, इटली यांना पूर्ण न रंगवता शहराच्या जागी लहान वर्तुळ द्या. हे सजावटीचं काम नाही. साथीच्या धास्तीने तेव्हा हजारो किलोमीटर दूरच्या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्याही सहली रद्द झाल्या. भारत-आफ्रिका शिखर परिषद डिसेंबर २०१४ ची होती, ती ऑक्टोबर २०१५ वर गेली. पूर्ण खंड लाल दाखवणारे नकाशे त्या धास्तीत भरच घालतात.

टप्पा ६ : छटा आणि गट

एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घ्या, पाचपेक्षा जास्त गट नकोत. लाल-हिरवी जोडी टाळा. रंगांध वाचकाला ती एकच दिसते. कलरब्रूअर या नकाशांसाठीच्या तयार रंगसंचाच्या छटा क्यूजीआयएसमध्ये आहेतच. गटांच्या सीमा सॉफ्टवेअरवर सोडू नका. साथीचे आकडे इतके तिरपे असतात की समान अंतराचे गट केल्यास दोन-तीन जिल्हे गडद आणि बाकी सगळे फिकट उरतात. वाढत्या पायऱ्यांचे गट हाताने भरा : १ ते ५, ६ ते २०, २१ ते १००, १०१ ते ५००, ५०० च्या वर. आणि एकदा ठरवलेले गट सर्व तारखांच्या नकाशांना तेच ठेवा, नाहीतर मार्च आणि ऑक्टोबर सारखेच गडद दिसतील.

शून्य आणि ‘माहिती नाही’ यांना वेगळी चिन्हं द्या. शून्याला पांढरा, माहिती नसलेल्या जिल्ह्याला करड्या तिरप्या रेषा. कोऱ्या जिल्ह्यात रुग्ण नव्हते की तिथवर कुणी पोचलंच नव्हतं, हे वाचकाला कळायला हवं. सप्टेंबर २०१४ मध्ये न्झेरेकोरेजवळच्या वोमेमध्ये इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. अशा भागातून आलेल्या शून्याला किती वजन द्यायचं हा विचार नकाशा काढणाऱ्यानेच करायचा असतो.

टप्पा ७ : काळ

एकूण रुग्णांचा नकाशा कधीच फिकट होत नाही. लोफामध्ये २०१४ संपता संपता साथ ओसरली होती, तरी एकूण संख्येच्या नकाशात ती काउंटी शेवटपर्यंत गडद राहिली. आत्ताची स्थिती दाखवायची तर गेल्या २१ दिवसांतले रुग्ण घ्या. इबोलात लागणीपासून लक्षणांपर्यंत २ ते २१ दिवस जातात, म्हणून हा कालखंड. दुसऱ्या रोगासाठी त्याचा अधिशयन काळ, म्हणजे लागणीपासून लक्षणांपर्यंतचा काळ, बघून खिडकी ठरवा. तक्त्यात ‘सम-इफ्स’ सूत्राने प्रत्येक जिल्ह्याची मागच्या २१ दिवसांची बेरीज काढता येते. छटा या बेरजेच्या दर लाखी प्रमाणाची आणि वर्तुळ एकूण संख्येचं, असा जोड नकाशा मला सर्वांत बोलका वाटतो. साथ उतरणीला लागली की ‘शेवटचा निश्चित रुग्ण किती दिवसांपूर्वी’ या दिवसांच्या छटा द्याव्यात. तिथे ४२ हा आकडा महत्त्वाचा, कारण रुग्णाविना ४२ दिवस गेल्यावर देश साथमुक्त जाहीर होतो.

जाहीर झाला म्हणजे कायमचा सुटला, असंही नाही. लायबेरिया ९ मे २०१५ ला मुक्त जाहीर झाला, मग ३ सप्टेंबरला, मग १४ जानेवारी २०१६ ला आणि शेवटी ९ जून २०१६ ला. हलता नकाशा करायचा असेल तर थराच्या ‘टेम्पोरल’ विभागात तारखेचा स्तंभ द्या, ‘टेम्पोरल कंट्रोलर’मध्ये एका आठवड्याची पायरी ठेवा आणि चित्रं निर्यात करा. शेवटच्या दोन आठवड्यांवर ‘आकडे अपुरे’ असा शिक्का घाला. उशिरा येणाऱ्या नोंदींमुळे ताजे आठवडे नेहमी कमीच दिसतात.

टप्पा ८ : बाण काढण्याआधी

रोग कुठून कुठे गेला हे दाखवणारे बाण लोकांना फार आवडतात. पुरावा मात्र इथेच सर्वांत कमी असतो. एका जिल्ह्यात आज आणि शेजारी उद्या रुग्ण सापडला, एवढ्यावर बाण काढू नये. संपर्कशोधाची नोंद हवी, किंवा विषाणूच्या जनुकांचा अभ्यास. ऑगस्ट २०१४ मध्ये सिएरा लिओनमधल्या ७८ रुग्णांच्या ९९ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि गिनीतून विषाणूच्या दोन वंशशाखा तिथे आल्याचं त्यातून दिसलं. त्या अभ्यासातले पाच सहलेखक तो छापून येण्याआधीच इबोलाने गेले. सिएरा लिओनमधल्या केनेमाच्या रुग्णालयातले डॉ. शेख हुमर खान त्यांपैकी एक. पुढे २०१७ मध्ये विषाणूच्या १,६१० जनुकसंचांचा अभ्यास झाला. मोठी लोकसंख्या आणि कमी अंतर असलेल्या ठिकाणांमध्ये विषाणू जास्त फिरला, असं त्यात निघालं. सीमा बंद झाल्या तोवर तो बऱ्याच ठिकाणी पलीकडे पोचलेला होता.

बाण काढायचाच तर खऱ्या वाटेने काढा. ऑक्टोबर २०१४ मध्ये मालीत सापडलेली पहिली रुग्ण ही दोन वर्षांची मुलगी होती. आजीबरोबर ती गिनीतून बसने, मालीची राजधानी बामाकोवरून, पश्चिमेकडच्या ‘काय’ (Kayes) नावाच्या शहरात पोचली. गिनी ते ‘काय’ शहर अशी सरळ रेघ मारली तर बामाको आणि वाटेतले थांबे नकाशातून निसटतात, आणि संपर्क शोधणाऱ्यांना नेमके तेच हवे असतात. रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या नकाशावरून घ्या. साथ सुरू झाली तेव्हा गेकेदू परिसराचे नीट नकाशेच नव्हते. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून घरं आणि वाटा आखून ते तयार केले. निश्चित दुवा सलग रेषेने आणि अंदाज तुटक रेषेने दाखवा.

टप्पा ९ : प्रसिद्ध करण्यापूर्वी

गावपातळीचे ठिपके सार्वजनिक नकाशावर ठेवू नका. एका गावात दोनच रुग्ण असतील तर शेजाऱ्यांना ते घर कळतं. मेलियांदूच्या लोकांना साथ ओसरल्यावरही बोल सोसावे लागले. कामाच्या नकाशात गावं ठेवा आणि तो पथकापुरता ठेवा. बाहेर जाणारा नकाशा जिल्ह्याचा.

‘प्रिंट लेआउट’मध्ये सूची, प्रमाण आणि शीर्षक लावा. शीर्षकातच रुग्णांचा प्रकार आणि तारीख लिहा : ‘निश्चित रुग्ण, गेले २१ दिवस, अमुक तारखेपर्यंत’. नुसतं ‘इबोलाचा प्रसार’ नको. देवनागरी अक्षरांसाठी नोटो सान्स देवनागरी हा फाँट टाका आणि पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरं तुटली नाहीत ना, ते मोठं करून बघा. करड्या छापात छटा ओळखू येतात का तेही पाहा, कारण आरोग्य केंद्रात नकाशा बहुधा काळ्या-पांढऱ्या प्रतीतच भिंतीवर लागतो.

नकाशाबरोबर तक्ता, हद्दींची फाइल आणि प्रकल्पाची फाइल एकाच फोल्डरमध्ये, तारीख घालून जपा. पुढच्या आठवड्यात मागचे आकडे सुधारून येतील. तेव्हा जुनी फाइल तशीच ठेवा, तिची प्रत काढून नवी भरा, आणि कोणत्या जिल्ह्याचा कोणत्या तारखेचा आकडा कशामुळे बदलला ते शेऱ्याच्या स्तंभात लिहा.